नसलेल्या झाडांना वळसा

माझे मूर्खपणे माझी नात तोंडपाठ म्हणून दाखवते, आल्यागेल्यासमोर. त्यातला एक मात्र तिला ठाऊक नाही, कारण तो पाहायला घरचं कुणी नव्हतं. जालना जिल्ह्यातल्या एका उघड्या माळावर, भर दुपारी, मी एका झाडाच्या बुंध्यात बसून डबा खाल्ला. बुंध्याशी नव्हे, बुंध्यात. झाड तिथे नव्हतं, एवढीच माझ्या बाजूने सबब. पण गावातल्या शेंबड्या पोरालाही जे कळत होतं ते मला कळलं नाही, आणि मी तर झाडांची तज्ज्ञ म्हणून सरकारी खर्चाने तिथे गेले होते.

त्या वेळची मी म्हणजे बघण्यासारखं प्रकरण होतं. कापलेले केस, पायात पुरुषी बूट, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला म्हणाल, तर एका इंग्रज संशोधकाच्या फोटोत त्याच्या गळ्यात होती म्हणून. तिने पुढे काय घोळ घातला ते येईलच.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. हवेतल्या धुराचा हिशेब जगभर सुरू झाला होता आणि त्यातून एक नवा बाजार निघू घातला होता. परदेशातल्या कारखान्याने धूर सोडायचा, आपल्याकडच्या उजाड जमिनीवर झाडं लावायची, झाडांनी त्या धुरातला कार्बन ओढून लाकडात साठवायचा आणि त्या साठ्याचे पैसे कारखान्याने द्यायचे. झाड उगवायच्या आधीच त्याचा सौदा. मोठी अट एकच होती. एकोणनव्वद साल संपलं तेव्हा त्या जमिनीवर जंगल असता कामा नये. नाहीतर लोक असलेलं जंगल तोडतील, नवं लावतील आणि वर पैसे मागतील.

मग जंगल म्हणजे काय, हे ठरवायला दिल्लीत एक समिती बसली. त्या समितीत मी होते. झाड किती उंच झालं की त्याला झाड म्हणायचं आणि जमिनीच्या किती भागावर सावली असली की त्याला जंगल म्हणायचं, यावर आम्ही चहाच्या किटल्यांमागून किटल्या रिकाम्या करत भांडलो. मी सावलीच्या बाजूची. ‘सावली खोटं बोलत नाही,’ असं एक वाक्य मी तिथे टाकलं आणि जेवणाच्या सुट्टीत एका सचिवांनी त्याचं कौतुक केलं. महिनाभर मी त्या कौतुकावर जगले.

जालना ते घनसावंगी

मृग लागायला अजून अवकाश होता. माझ्याबरोबर अनिरुद्ध होता, मुंबईचा, बाजाराचा माणूस. मी मातीतली तज्ज्ञ, तो भावातला. कुठल्या झाडाचा कार्बन कितीला जाईल हे त्याला झाडाचं नाव नीट माहीत नसतानाही सांगता येई. औरंगाबादहून निघालेली आमची जीप बदनापूरला एकदा आणि जालन्यात कायमची बसली. मिस्त्री म्हणाला, ‘दोन दिवस सोडा, मंग बघू.’ अंबडपर्यंत एसटी आणि पुढे काळी-पिवळी, असा आमचा हवामान-धोरणाचा दौरा सुरू झाला. काळी-पिवळी म्हणजे माणसं खच्चून भरलेली भाड्याची जीप. माझ्या मांडीवर कुणाची तरी मोसंबीची पिशवी होती आणि अनिरुद्धच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी.

मी गुहागरकडची. आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडं अंगावर येतात. इथे आकाश अंगावर येत होतं. काळी भेगाळलेली रानं, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग आणि क्षितिजापर्यंत अडवायला काही नाही. मी आनंदाने अनिरुद्धला म्हणाले, “बघ, किती छान उजाड आहे!” कोंबडीवाल्या गृहस्थाने माझ्याकडे वळून पाहिलं.

“कोन्या गावाला म्हनायच्या म्याडम?”

मी गावाचं नाव सांगितलं. इथे सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही जाल आणि मधूनच चालाल.

गृहस्थांनी कोंबडी आपल्याकडे घेतली, जणू अनिरुद्धच्या मांडीवर आता तिला ठेवणं बरोबर नव्हतं. मग म्हणाले, “माळावर जानार असाल तर बराबर चाला.”

“बराबर म्हणजे?”

“सरळ चालू नका.”

एवढं बोलून ते घनसावंगीपर्यंत बाहेर बघत राहिले.

कौसल्याबाईंचं गाव

गाव गोदावरीच्या अलीकडे. सरपंच कौसल्याबाई आम्हाला न्यायला फाट्यापर्यंत आल्या होत्या. चाळिशीच्या आतली बाई, काटक, हातात उसाच्या पात्याने कापल्याच्या जुन्या रेघा. पद बायकांसाठी राखीव झालं आणि गावातल्या पुढाऱ्यांनी ‘ही गप बसंल’ म्हणून हिला उभं केलं. त्यांचा अंदाज चुकला होता, हे पहिल्या भाकरीलाच मला कळलं.

जेवायला येसराच्या, म्हणजे भाजक्या मसालापिठाच्या, आमटीबरोबर ज्वारीची भाकरी, ठेच्यावर करडईचं तेल. मी कोकणी सवयीने आमटीत भाकरीचा तुकडा बुडवून चाखत होते. कौसल्याबाईंनी माझं ताट ओढलं, भाकरी कुस्करली, मध्ये आळं केलं आणि आमटी ओतून ताट परत सरकवलं. “अशी खा. ती आमटी हाय, औषध न्हाई.”

मग मुद्द्यावर आल्या. “म्याडम, दसऱ्याच्या अंगी मुकादमाचा ट्रक येतो अन् गाव उचलून नेतो. ऊस तोडायला. म्हातारी अन् कुत्री राहत्यात माघारी. मी पाळण्यात असताना गेल्ते, माझ्या पोरी पाळण्यात असताना गेल्ते. थोरली आता सातवीत हाय. ह्या साली ती ट्रकमधी बसली तर संपलं मंग. तुमची झाडं लावायला अन् राखायला बाया लागतीलच ना?”

“लागतील. वर्षानुवर्षं लागतील.”

“मंग त्या बाया आमच्या. दसऱ्याच्या आत काम चालू व्हायला पायजे. त्याच्यापुढं सगळा खर्चा फुकट.”

मी हो म्हटलं. त्या काळी मी कशालाही हो म्हणत असे.

गावाच्या उत्तरेला माळ होता. नाव ‘राईचा माळ’, पण राईतलं एक पानही नाही. मुरमाड जमीन, कुसळी गवत, वर पांढरं पडलेलं आकाश. ना दगड, ना खड्डा, ना ओघळ, आणि तरी पाऊलवाट नागमोडी. सपाट माळावर ती उगाचच डावीकडे वळे, अर्धा गोल घेई, परत मूळ दिशेला येई. कौसल्याबाई आणि दोघी बाया त्या वाटेने वळणं घेत पुढे चालल्या होत्या. एकीच्या डोक्यावर आमच्या खुंट्यांची टोपली होती. एका ठिकाणी ती गुडघ्यात वाकली, टोपली सांभाळत चार पावलं तशीच गेली आणि पुन्हा ताठ झाली.

“टोपली जड झाली का?” मी विचारलं.

“न्हाई, फांदी हाय,” ती म्हणाली. पायरी आहे, जपून, असं सांगावं तशी.

अनिरुद्धने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मी हसू दाबलं आणि त्या वळणांना फाटा देऊन सरळ, बूट आपटत, माळाच्या मधोमध गेले. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. दुपार झाली तेव्हा ऊन टाळू भाजत होतं. मी जागा बघितली, ऐसपैस मांडी घातली आणि डबा उघडला.

बायांचं बोलणं थांबलं. इतकं एकदम, की मला माझा स्वतःचा घास चावल्याचा आवाज आला.

“वो म्याडम, उठा,” कौसल्याबाई हळूच म्हणाल्या.

“का? विंचू आहे?”

“तुमी जांभळीत बसल्या.”

“जांभळीत?”

“खोडाच्या आत हायत तुमी. गळ्यापासून वरचं तेवढं नीट दिसून नाही राह्यलं.”

आता एखाद्या शहाण्या बाईने उठावं. मी म्हणाले, “मग आतून कीड लागली आहे का बघते,” आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. कुणी हसलं नाही. अनिरुद्धसुद्धा नाही. मी हट्टाने डबा संपवला. खरं सांगते, शेवटचे घास मला गार लागले. हवा हलत नव्हती, पण माझ्या मानेवर, पाठीवर, कुणीतरी ओला पंचा टाकावा तसा गारवा होता. मला वाटलं, दमले आहे.

संध्याकाळी कौसल्याबाईंच्या सासूने माझ्या पांढऱ्या कुर्त्याची मागची बाजू हातात धरली. बसले होते तिथे बोटाएवढे डाग होते. सासूबाईंनी मीठ चोळलं, वास घेतला आणि कुर्ता माझ्या हातात दिला. “जांभळाचा डाग हाय. न्हाई निघायचा.”

खुंट्यांवर खुणा करायचा मार्कर माझ्या पिशवीत होता, तो गळला असणार, असं मी अनिरुद्धला समजावलं. मार्कर निळा, डाग जांभळे. जवळपास जुळतं की, मी म्हणाले. तो म्हणाला, “हो मॅडम.” आणि आपली बाज माझ्या पिशवीपासून लांब ओढून झोपला.

लिंबाजीबप्पा

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजीबप्पांचा निरोप आला. हे गावातले सर्वांत वयस्क गृहस्थ. माळाबद्दल ग्रामसभा त्यांच्या मानेकडे बघून हात वर करते, असं कौसल्याबाईंनी बजावलं होतं. बप्पा अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र खणखणीत.

“काल जांभळीत जेवल्या त्या तुमीच का?”

मी कबूल केलं.

“ग्वाड व्हती ती जांभळी. लई ग्वाड.” ते माळाकडे वळले. “बहात्तरपतुर राई व्हती तिथं. जांभळी, लिंब, चिंचा, आंबे. भर दुपारी आत गेलं का सूर्य सापडत न्हवता.”

“मग तोडली कुणी?”

“आमीच की. हिरी आटल्या, जनावरं गेली. लेकरं मातीत बोटं घालून चाटून राह्यल्ती. मंग एकेक झाड पाडलं, गाड्या भरल्या, परतूरला लाकूड इकलं अन् ज्वारी आनली. लेकरं जगली. त्यातलं एक लेकरू ह्या कौसल्याचा नवरा. पर पाडायच्या आधी माज्या बापानं हरेक झाडाला हात लावून सांगितलं, लाकूड नेतो बाबा, जागा तुजीच ऱ्हाईल. तुज्या जागेत कुनी पाय देनार न्हाई.”

“मग?”

“मंग काय. दिला न्हाई.”

मी त्यांना आमच्या गावच्या देवराईचं सांगितलं. तिथलं वाळकं काटुकही कुणी उचलत नाही, हे सांगितलं. “पण बप्पा, तिथे निदान झाडं आहेत हो!”

“मंग तिथं सोपं हाय,” बप्पा म्हणाले.

अनिरुद्धने मला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा उजळला होता. “मॅडम, बहात्तर! म्हणजे एकोणनव्वदच्या कितीतरी आधी. जमीन पात्र आहे!” मलाही सुटल्यासारखं झालं. त्या माणसाने आत्ताच काय सांगितलं, आणि आम्हा दोघांना त्यातलं काय ऐकू आलं, हे आज आठवलं की मी चहाचा कप खाली ठेवते.

बप्पांना आमची कुजबुज ऐकू गेली होती. “झाडं लावा. कोन नको म्हनतंय? मधल्या जागेत खड्डे घ्या. पर झाडात कुदळ लागू देनार न्हाई. अन् बूट घालून कुनी झाडातून गेलं तर काम बंद. बिलकुल बंद. तुमी बसल्या ते माफ, पाव्हन्या हायत. दुसऱ्यांदा न्हाई.”

“म्हणजे नंतर तपासायला साहेब येतील, त्यांनीसुद्धा—”

“साहेबाला पाय न्हाईत का?”

अडचण ती होती. कारखान्याला कार्बन विकण्याआधी एक तिऱ्हाईत तपासनीस येऊन माळ पायाखाली घालणार होता. त्याला हे सांगितलं तर तो कागदावर ‘गावाचा आक्षेप’ असं लिहिणार आणि फाइल वर्षभर फिरणार. न सांगितलं तर तो सरळ चालणार. दोन्हीकडून ट्रक कौसल्याबाईंच्या दारात उभा.

दुपारनंतरचा माळ

त्या दुपारी मी छत्री घेऊन माळाच्या कडेला बसले. एकटी. काल माझ्या मानेवरून काय सरकलं याचा छडा लावायचा होता.

बाराच्या सुमारास गावच्या शेळ्या आल्या आणि बसल्या. विखरून नाही. गोल गोल करून, दाटीवाटीने, दोन गोलांमध्ये मोकळी जमीन सोडून. शेळीला कसली आलीय शपथ आणि कसला बाप? त्यांत एक करडू होतं, अजून पाय लटपटणारं. तेही धडपडत जाऊन गोलात शिरलं आणि झोपलं.

मी तज्ज्ञ होते, मला लगेच उत्तर सुचलं. जमिनीखाली जुनी मुळं कुजली असतील, त्यांनी ओल धरली असेल, तेवढी जमीन गार. बूट काढून, कडेकडेने, मी गिरमिटाने माती काढली. गोलाच्या आतली काळपट, भुसभुशीत. बाहेरची पांढरी, कोरडी. राईचा कार्बन अजून मातीत होता. मला इतकं हायसं वाटलं की मी अनिरुद्धला गावातून बोलावून ती माती दाखवली. “पाहिलंस? सगळ्याला कारण असतं.”

आणि मग दुपार कलायला लागली.

शेळ्या उठल्या. एकेक करून, डोळे अर्धे मिटलेले, दोन पावलं पूर्वेला सरकल्या, पुन्हा बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्या प्रहरी त्यांचे गोल गोल राहिले नव्हते. लांबट झाले होते, पूर्वेकडे ताणलेले. उन्हात उभ्या झाडाची सावली कलते तसे. पण जमिनीवर सावली नव्हती. मी वाकून, छत्री मिटून, डोळ्यांवर हात धरून पाहिलं. झगझगीत ऊन होतं. त्या उन्हात, शेळ्या सावलीबरोबर सरकत होत्या.

मातीतला कार्बन दुपार कलली म्हणून सरकत नाही. एवढं मला येत होतं.

अनिरुद्ध बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “चला, चहा घेऊ.” आम्ही गेलो. नागमोडी वाटेने. दोघंही.

संध्याकाळी उन्हं तिरपी झाली तेव्हा पोरं माळावर लपाछपी खेळायला आली. उघड्या माळावर! मी गंमत बघायला थांबले. राज्य एका दोन वेण्यांच्या मुलीवर होतं. तिने डोळे झाकले, बाकीची पांगली आणि उभी राहिली. कशाच्याही आड नाही. एक लाल बनियनवाला पोरगा तर तिच्यापासून हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर उभा होता, अंग चोरून, एक खांदा पुढे काढून. मुलीने डोळे उघडले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तिची नजर त्या पोरावरून दोनदा गेली आणि थांबली नाही. मी माणसं ओळखते. ती न दिसल्याचं नाटक करत नव्हती. ती शोधत होती. मग तिने मान वाकडी करून, कशाच्या तरी पलीकडे डोकावावं तसं डोकावलं आणि ओरडली, “सापडला! आंब्यामागं!”

कौसल्याबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या होत्या. मी विचारलं, “तुम्हाला दिसते का हो राई?”

“मला कशी दिसंल? मी लगीन होऊन आले तवा राई गेल्ती.”

“मग वाकता कशाला?”

त्यांनी पदर मागे सारला. कपाळावर, केसांच्या मुळाशी, एक जुना, आडवा व्रण होता.

“पयल्या वर्षी न वाकता गेल्ते,” त्या म्हणाल्या. आणि मग, माझा चेहरा बघून, खो खो हसल्या. “आता बसा लिहित! आवं म्याडम, तुमी तर न लागलेली झाडं इकायला निघाल्या. आमच्या झाडांनी काय घोडं मारलंय?”

व्रण कशाचा, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

निघायच्या आधी मी खड्ड्यांसाठी आखलेल्या चुन्याच्या फक्कीच्या सरळ रेघा पुसल्या आणि कौसल्याबाईंना पुढे घालून नव्या आखल्या. त्या चालतील तशा. समितीतल्या कुणी तो नकाशा पाहिला असता तर मला दारू चढली होती असंच म्हटलं असतं.

दसऱ्याच्या आधी

तपासनीस हेगडे कारवारचे, आई बेळगावची, मराठी चोख. नाकासमोर बघून चालणारे गृहस्थ, आणि मला नेमकं तेच नको होतं. निघण्याआधी मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, “ऑक्टोबरचं ऊन आहे, मोठी टोपी आणा. माळावर सावली नावाला नाही.” क्रिकेटच्या अंपायरसारखी रुंद टोपी ते घेऊन आले.

गावात शिरलो तर मुकादमाचा ट्रक उभाच. मागच्या फळीशी बोचकी, तवे, कोंबड्यांची पाटी. बाया बोचक्यांपाशी बसल्या होत्या. चढत नव्हत्या, पण बोचकी सोडतही नव्हत्या. मुकादम घड्याळ बघत होता. कौसल्याबाईंची थोरली शाळेच्या गणवेशात आईला चिकटून उभी होती, आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

“हेगडेसाहेबांना सांगितलं नाही ना?” मी कौसल्याबाईंना हळूच विचारलं.

“न्हाई. शेळ्यांना सांगितलंय.”

योजना त्यांचीच. माळावर ज्या ज्या जागी झाड होतं त्या त्या जागी शेळ्या बसवल्या होत्या आणि त्यांच्यापुढे शेंगांचा पाला टाकून एकेक बाई राखायला. बसलेल्या शेळ्यांच्या अंगावरून कोण चालतं? साहेब आपोआप वळसा घालणार. कडेला लिंबाजीबप्पा काठी रोवून उभे होते. काठी उचलली की काम बंद, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त हेगड्यांना सोडून.

ते निघाले. एका हातात कागद, काखेत टोपी. पहिल्या शेळ्यांना वळसा. दुसऱ्यांना वळसा. “इथे शेळ्या फार दिसतात,” ते मागे वळून म्हणाले. “गरीब आहेत,” मी म्हणाले. “रांगा वाकड्या का?” “मधे मुरूम लागतो.” त्यांनी लिहून घेतलं.

माळाच्या मध्यावर चिंचेच्या जागेतली म्हातारी शेळी उठली. तिचं बघून दुसरी उठली, आणि दोघी रमतगमत चालत्या झाल्या. जागा मोकळी पडली आणि हेगडे नेमके तिच्यावर चालून जात होते, खाली मान घालून. माझं डोकं चालेना. हात मात्र चालला. मी गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि जीव खाऊन फुंकली.

माळावरची प्रत्येक शेळी उठली आणि गावाच्या दिशेने उधळली. बाया पाल्याच्या पेंढ्या घेऊन मागे धावल्या. धुरळा खाली बसला तेव्हा माळ रिकामा होता. अगदी आमच्या समितीला हवा तसा.

कौसल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी इथे लिहीत नाही.

“काय झालं?” हेगड्यांनी विचारलं.

“साप. वाटला.”

“बरं,” ते म्हणाले, मान पुन्हा कागदात घातली आणि पुढे चालू लागले. बप्पांची काठी जमिनीवरून सुटली होती.

चिंचेपाशी हेगडे डावीकडे सरकले.

डोळे कागदावर. पाय मात्र वळले, अर्धा गोल फिरले आणि पुन्हा ओळीला लागले. मला वाटलं, योगायोग. पुढे लिंब होता, तिथे ते उजवीकडून गेले. आंब्यांच्या जागेतून ते असे गेले, जसं दाट बाजारातून माणूस खांदे चोरत जातो. एका ठिकाणी लिहिता लिहिताच मान खाली घातली, काही पावलं तशीच गेले आणि मान वर केली. बाया शेळ्या सोडून परत आल्या होत्या, कडेला उभ्या होत्या, एकीनेही पदर तोंडातून काढला नव्हता.

जांभळीपाशी ते थांबले. माझ्या जांभळीपाशी. बुटात खडा गेला असावा. त्यांनी एक पाय वर घेतला, बूट काढला, उलटा करून झटकला, पायात चढवला, नाडी ओढली. सगळं एका हाताने, एका पायावर, सावकाश. दुसरा हात त्यांनी बाजूला टेकवला होता. तळवा पसरून, कोपरात अंगाचा भार देऊन. टेकवला होता, आणि तिथे ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

मग त्यांनी हात काढला, तळव्याला लागलेलं काहीतरी पँटला पुसलं आणि पुढे गेले.

लिंबाजीबप्पांनी काठी खाली टेकवली. त्यांना मोतीबिंदूतून काय दिसलं कोण जाणे. “कौसल्ये,” ते म्हणाले, “दे गावाची सही.”

हेगड्यांनी तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून आपलीही सही केली. जमिनीवर जंगल नाही, पूर्वीही नोंदलेलं नाही, लागवडीस योग्य. माझ्या समितीची व्याख्या वर छापलेली होती. ट्रक गेला तो अर्धा रिकामा गेला. ज्या बायांनी बोचकी सोडली त्यांत कौसल्याबाई पहिल्या. त्यांची थोरली ट्रकमागे फाट्यापर्यंत पळत गेली, आत बसलेल्या मैत्रिणींना हात करत, आणि परत येताना माळावरून आली, वळणं घेत. पुढे त्या कार्बनच्या बाजाराचं काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. झाडं मात्र लागली, वाकड्या रांगांत, मधे मधे गोल जागा सोडून, आणि ती राखायला बाया राहिल्या.

परतीच्या वाटेवर हेगडे जीपमध्ये माझ्या शेजारी होते. अंबड मागे पडलं. मी हेगड्यांच्या तळव्याकडे चोरून बघत होते. ते गुडघ्यावरची टोपी फिरवत होते. नवी कोरी, एकदाही न घातलेली. मग ते माझ्याकडे वळून, किंचित नाराजीने, म्हणाले:

“मॅडम, टोपी उगाच आणायला लावलीत. गावात ऊन लागलं खरं, पण माळावर कुठे होतं?”